तीनदा थुंकलं म्हणजे आवडत नाही, असं नसतं

माझी भाची मालवणला असते, तिचा मुलगा आता सव्वा वर्षाचा झालाय. गेल्या महिन्यात गेले तेव्हा घरात बांगड्याचं तिखलं, लाल माठाची भाजी, कुळथाची पिठी असं सगळं होतं आणि पोराच्या वाटीत काय, तर मऊ भात, वरचं वरणाचं पाणी आणि तूप. मी विचारलं तर म्हणाली, अगं मावशी, तीनदा माठ दिला, तीनदा थुंकला, त्याला आवडतच नाही गं. आणि बांगड्याचं नाव काढलं की तिच्या आजेसासूबाई म्हणतात, ‘पोराक आताच मासो कशाक गो, पोट बिघडात.’

मुलाला सगळं खायला घालायला हवं हे तिला कुणी सांगायची गरज नाही, ते तिला पक्कं माहीत आहे. मग घोडं अडतं कुठे? आयझेक आझेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये मांडलेली एक थिअरी इथे मला फार पटते. माणूस एखादी गोष्ट करेल की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं, ती त्याला चांगली वाटते का, आजूबाजूच्या माणसांना ती पटते का आणि आपल्याला ती जमेल असं त्याला वाटतं का. आयांचं पहिल्यात काहीच चुकत नाही, गाडी दुसऱ्या-तिसऱ्यात अडते, म्हणजे घरातली मोठी माणसं आणि ‘माझं पोर खातच नाही’ हा ठाम झालेला समज.

तर आधी या समजाचंच बोलू. मूल चालायला लागलं की हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि साधारण याच वयापासून त्याला नव्या चवीचा संशय यायला लागतो, दोन ते सहा वर्षांत तर हा संशय सगळ्यात जास्त असतो. रानात कडू पाला म्हणजे विषारीही असू शकतो, त्यामुळे ही शंका जिवाला जपणारीच आहे, हट्ट नाही. ती जाते फक्त ओळखीने. लीअन बर्च आणि इतर संशोधकांच्या प्रयोगांत दिसलं की नवा पदार्थ मुलाने स्वीकारायला बऱ्याचदा आठ ते पंधरा वेळा चव द्यावी लागते, आणि अमेरिकेत ३००० हून जास्त लहान मुलांच्या पाहणीत (२००४ साली छापलेल्या) बहुतेक घरांत तीन ते पाच वेळा देऊन ‘आवडत नाही’ असा शिक्का मारलेला होता! म्हणजे माझी भाची एकटी नाही, जगभरच्या आया अर्ध्या वाटेवरून परत फिरतात. आणि तोंड वेडंवाकडं केलं म्हणजे नकार असंही नाही, पुष्कळ मुलं तोंड वाकडं करत करत खातात. द्यायचं ते चमचाभर, जबरदस्ती न करता, दोन दिवसांनी परत.

शिवाय मुलाची चव कोरी नसतेच. ज्युली मेनेला यांच्या २००१ च्या प्रयोगात, गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना ज्या आया गाजराचा रस प्यायल्या त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीचं खाणं जास्त आवडीने घेतलं. जी आई बाळंतपणातही मासे-कुळीथ खात होती तिच्या पोराला यातलं थोडंफार आधीच भेटलेलं असणार, असं मला वाटतं.

आता आजेसासूबाईंचं. त्यांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, जुलाबाने मुलं दगावायची तो काळ त्यांनी पाहिलाय. पण पोट बिघडवतात ते न धुतलेले हात, शिळं अन्न आणि खराब पाणी, ताजा नीट शिजवलेला मासा नाही. काटा मात्र खरा धोका आहे, तिखट मसाला घालायच्या आधी तुकडा बाजूला काढायचा आणि बोटांनी चिवडून चिवडून काटे काढायचे, दुसरा उपाय नाही. जागतिक आरोग्य संघटना २०२३ पासून सांगतेय की सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांना मांस, मासे किंवा अंडं रोज मिळावं. कारण लोह, जन्मताना बरोबर आणलेला साठा सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो आणि पेज-वरणाच्या पाण्यात तो भरून निघण्याएवढं काही नसतं. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम पाव लिटर मावतं, तिथे नुसतं पाणी भरून काय उपयोग. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांना ॲनिमिया होता, हा आकडा वाचून मला खरंच झोप आली नव्हती.

अजून एक गफलत आपल्याकडे हमखास होते. भात, घावणे, नाचणीची भाकरी, पेज असं चार प्रकारचं दिलं की वाटतं विविधता झाली, पण संघटनेच्या हिशोबात हे सगळं एकाच गटातलं, धान्य. गट आठ आहेत, आईचं दूध, धान्य-कंद, कडधान्यं-दाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, अ जीवनसत्त्वाची फळं-भाज्या आणि बाकीची फळं-भाज्या, त्यातले निदान पाच दिवसभरात यावेत. भाचीच्या घरात त्या दिवशी आंबासुद्धा होता, म्हणजे धान्य, कडधान्य, मासे आणि अ जीवनसत्त्वाची फळं-भाज्या असे चार गट तरी स्वयंपाकघरात हजर होते, पोराच्या वाटीपर्यंत फक्त पोचले नव्हते.

काल तिचा फोन आला. बांगडा आता आजेसासूबाईच चिवडून देतात, काटा त्यांच्या बोटांना जास्त कळतो. माठ सहाव्यांदा दिला तर थुंकला नाही, गिळलाही नाही, हातात घेऊन जमिनीला फासला. मी म्हटलं, छान चाललंय गं, परवा परत दे.