अतिउच्चदाब पारेषण वाहिनी : मार्गनियोजन, पर्यावरण आणि परवानग्या (मराठवाडा)

१३२ केव्ही (किलोव्होल्ट) किंवा त्याहून अधिक दाबाची वीज मनोऱ्यांवरून लांबवर नेण्यासाठी मार्ग निवडणे, त्या मार्गावरील रान, पाणी, पक्षी आणि शेती यांची हानी आधीच टाळणे आणि त्यासाठी मंजुऱ्या घेणे, असे हे काम आहे. गावात अशा वाहिनीला ‘टॉवर लाइन’ किंवा नुसते ‘हायटेन्शन’ म्हणतात. मराठवाड्यात परळीचे औष्णिक केंद्र, अंबाजोगाईजवळचे गिरवली येथील ४०० केव्ही उपकेंद्र आणि पैठण तालुक्यातील एकतुनीचे ७६५ केव्ही उपकेंद्र ही या जाळ्याची महत्त्वाची ठाणी. बालाघाटच्या पठारावरील पवनचक्क्या आणि धाराशिव-बीडकडील सौर प्रकल्पांमुळे वाहिन्यांची संख्या आता वाढत आहे.

कायद्याची चौकट. वाहिनीला केंद्राच्या २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली पूर्वमंजुरी लागत नाही. त्या अधिसूचनेच्या यादीत पारेषण वाहिन्या नाहीत. त्यामुळे धरणाला किंवा खाणीला होते तशी जनसुनावणी इथे होत नाही. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ६८ प्रमाणे वाहिनी उभारण्यास सरकारची पूर्वमान्यता लागते, तर कलम १६४ खाली १८८५ च्या तार अधिनियमातील अधिकार पारेषण कंपनीला मिळतात. नव्या दूरसंचार कायद्यात (२०२३) तो जुना तार कायदा मोडीत काढण्याची तरतूद आहे, तरी वाहिन्यांपुरता त्याचा भाग जिवंत ठेवला आहे. या अधिकारांत जमीन संपादित होत नाही. सातबाऱ्यावर शेतकऱ्याचेच नाव राहते, पण मनोरा त्याच्या संमतीवाचून उभा राहू शकतो. ‘कमीत कमी नुकसान’ करणे आणि झालेल्या नुकसानीची भरपाई देणे एवढे मात्र कंपनीवर बंधनकारक आहे. विरोध झाला तर जिल्हा दंडाधिकारी आदेश देतात. भरपाई अपुरी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येते.

वनजमीन आली की गणित बदलते. १९८० च्या वन कायद्याखाली केंद्राची मान्यता आणि भरपाई वनीकरण लागते. अभयारण्य असेल तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळापर्यंत प्रकरण जाते. म्हणून आखणी करणारा अभियंता गौताळा, येडशी रामलिंग घाट, नायगावचे मयूर अभयारण्य किंवा जायकवाडीचा पाणपसारा लांबूनच टाळतो, आणि ते योग्यच आहे. मात्र मराठवाड्यात वन मुळातच थोडे. ते टाळून सरकणारी रेघ कोणाच्या तरी विहिरीजवळून, मोसंबीच्या बागेतून किंवा केशर आंब्याच्या रांगेवरून जाते. या प्रदेशातला पर्यावरणाचा खरा प्रश्न शेताच्या बांधावर उभा राहतो, आणि तिथे त्याची आधी तपासणी करणारी यंत्रणा सर्वांत दुबळी आहे.

शेतात काय होते. ४०० केव्हीसाठी साधारण ४६ मीटर, तर ७६५ केव्हीच्या दुहेरी वाहिनीसाठी ६७ मीटर रुंदीचा पट्टा धरतात. ४६ मीटरच्या हिशेबाने एका किलोमीटरला ४.६ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेअकरा एकर जमीन तारांखाली येते. तिथे ज्वारी, सोयाबीन, कापूस घेता येतो. घर किंवा उंच झाड मात्र चालत नाही. मनोऱ्याच्या चार पायांमधली जागा अक्षरशः अडकून पडते. बैलाची पाळी तिथे नीट वळत नाही आणि ट्रॅक्टरला वळसा घ्यावा लागतो.

काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया मुरमाड जागेपेक्षा मोठा घ्यावा लागतो. खड्ड्यातून आधी काळी माती निघते, मग पांढरी, मग मुरूम. हे थर वेगळे न ठेवता उपसा तसाच पसरला, तर मुरूम वर येतो आणि त्या तुकड्यावर कित्येक हंगाम पीक नीट येत नाही. वरची माती बाजूला ढीग घालून ठेवणे आणि शेवटी तीच वर पसरणे, एवढी साधी अट प्रत्येक ठेकापत्रात ठळकपणे असायला हवी. पाया आणि तारा ओढण्याचे काम रब्बीची ज्वारी निघाल्यावर, मृगाच्या आधी उरकले तर पीक वाचते. पण तेव्हाच गावात टँकर सुरू असतात, आणि काँक्रीटला पाणी लागते. ते पाणी कुठून आणणार, हे नियोजनातच लिहिलेले असावे.

मोबदला. पिकाचा आणि झाडांचा पंचनामा शेतकऱ्यासमक्ष होतो. त्यात फळझाडांची संख्या, वय आणि ठिबकच्या नळ्या यांची नोंद त्याच दिवशी करून घ्यावी. जमिनीबाबत केंद्राच्या ऑक्टोबर २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याखालील क्षेत्रासाठी किमतीच्या ८५ टक्के आणि पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के धरले होते. जून २०२४ च्या सूचनांनी हे प्रमाण २०० आणि ३० टक्के केले. राज्ये आपापल्या शासन निर्णयांनी दर ठरवतात. किंमत रेडीरेकनरने (सरकारी दरतक्त्याने) धरायची की बाजारभावाने, यावर बहुतेक तंटे अडतात.

पक्षी. सर्वांत वरची अर्थवायर (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारी तार) बारीक असल्याने उडत्या पक्ष्याला उशिरा दिसते. जड शरीराचा, समोरचे कमी दिसणारा माळढोक त्यामुळेच धोक्यात आला. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसराने त्याचा ऱ्हास पाहिला आहे. राजस्थान-गुजरातमधील वाहिन्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिलेला भूमिगत तारांचा आदेश मार्च २०२४ मध्ये बदलून तज्ज्ञ समितीकडे सोपवला. जायकवाडीच्या आसपास रोहित (फ्लेमिंगो) आणि बदके ज्या वाटांनी रोज चरायला जातात, त्या वाटांवर तारा लांबून दिसाव्यात म्हणून त्यांना फिरत्या चकत्या लावणे हा सहज करता येणारा उपाय आहे.

उभारणीनंतर. वाहिनी सुरू झाल्यावरही शेताशी तिचा संबंध संपत नाही. तारांच्या जवळ येणाऱ्या फांद्या वेळोवेळी छाटाव्या लागतात. तारांखाली उसाचे पाचट पेटवले, तर धूर आणि ज्वाळांमुळे हवेतून ठिणगी उतरून वाहिनी बंद पडते, आणि खाली उभ्या माणसाच्या जिवावर बेतते. पाचट कुट्टी करून सरीत गाडले, तर हा धोका टळतो आणि जमिनीला सेंद्रिय खतही मिळते.