कंपूबाजी

कंपूबाजी : आंतरजालावरच्या चर्चास्थळांवर जुन्या, एकमेकांशी घट्ट मैत्री असलेल्या सदस्यांनी परस्परांची पाठराखण करत इतरांना, विशेषतः नवख्यांना, टवाळीने, तिरकस बोलण्याने किंवा सगळ्यांनी मिळून केलेल्या दुर्लक्षाने बाजूला सारणे. मराठी संकेतस्थळांवर हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. उद्धटपणा आणि कंपू या खरे तर दोन वेगळ्या गोष्टी. पण त्या सुट्या क्वचितच सापडतात. एकट्या माणसाचा उद्धटपणा कोणी टोकले की बहुधा तिथेच थांबतो. टोकू शकणारे त्याचे दोस्त असले आणि ते गप्प बसले, की तोच उद्धटपणा त्या ठिकाणचा रिवाज होऊन बसतो.

शब्द मराठीत आला तो लष्करातून. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉयन या सेनानीकडून युरोपीय पद्धतीचे कवायती पायदळ उभे करून घेतले. त्या फौजेच्या मोठ्या तुकड्यांना ‘कंपू’ म्हणत. पुढे शब्दाचा अर्थ उतरत उतरत ‘टोळके’ असा झाला. तरी एका इशाऱ्यावर चालून जाणारी तुकडी ही जुनी छटा गेलेली नाही. ‘इथे कंपूबाजी चालते’ असे कोणी लिहितो तेव्हा त्याची तक्रार नेमकी हीच असते, की ही माणसे ठरवून, एकापाठोपाठ एक, धाग्यावर येतात.

मराठीतून लिहिण्या-बोलण्याची सोय जालावर लवकर झाली. मायबोली १९९६ साली सुरू झाली, मनोगत २००४ मध्ये, मिसळपाव आणि उपक्रम २००७ मध्ये, ऐसी अक्षरे २०११ मध्ये. या स्थळांनी स्वतःची एक बोलीच घडवली. चर्चेचा विषय म्हणजे धागा, उत्तर म्हणजे प्रतिसाद, विषय सोडून केलेली टिप्पणी म्हणजे अवांतर, खाजगी संदेश म्हणजे व्यनि. नुसते वाचणारा तो वाचनमात्र, एकाच माणसाने दुसऱ्या नावाने उघडलेले खाते म्हणजे डुआयडी, आणि टोमणा मारून झाल्यावर शेवटी जोडायचे ते ‘ह.घ्या.’, म्हणजे हलके घ्या. ही बोली गोड आहे आणि ती माणसांना जोडते. मात्र ती न येणारा माणूस दारातच ओळखू येतो.

कंपू जमतो तो सहसा चांगल्या कारणाने. पुण्यात रात्र आणि अमेरिकेत दुपार असताना गप्पांच्या पानावर रोज तीच सात-आठ माणसे भेटतात. कोणाच्या आईचे आजारपण, कोणाची गेलेली नोकरी, कोणाचे बाळंतपण, सगळे तिथेच एकमेकांना कळते. मग मिसळपाववरचे लोक कट्टा करतात, मायबोलीकर गटग करतात. समोरासमोर भेट होते, एकमेकांच्या घरी जाणे-येणे सुरू होते. परदेशात एकट्या पडलेल्या कितीतरी मराठी माणसांना हीच मंडळी हक्काची वाटली आहेत. म्हणून ‘कंपू मोडा’ हा उपाय सांगणाऱ्यांशी प्रस्तुत लेखक सहमत नाही. मैत्री मोडून संकेतस्थळ सुधारत नाही, ओस पडते.

बिघडते कुठे ते एका नेहमीच्या प्रकारावरून दिसेल. तीन वर्षे वाचनमात्र असलेली एखादी सदस्या धीर करून पहिला धागा काढते : आजीच्या हातचे शेंगोळे. पीठ किती, लसूण किती, पाण्याला उकळी कधी आणायची, सगळे मनापासून लिहिलेले. पहिला प्रतिसाद येतो, “‘कुळिथ’ नव्हे, ‘कुळीथ’.” दुसरा, “+१”, म्हणजे सहमत. तिसरा, “फोटो नाही, म्हणजे धागा फाऊल.” चौथ्याला यावरून चार वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा धाग्यातला विनोद आठवतो, पाचवा त्यावर कोटी करतो, आणि पुढचे तीस प्रतिसाद त्या जुन्या विनोदावर रंगतात. मध्येच ती विचारते, “माझं काही चुकलं का?” उत्तर येते, “ह.घ्या. हो ताई.” त्यानंतर त्या आयडीचा दुसरा धागा कधी येत नाही. यातल्या एकानेही शिवी दिलेली नाही. कुळीथची वेलांटी तर बरोबरच सुधारली आहे. संपादक मंडळाकडे तक्रार करावी असे एकही वाक्य त्यात सापडायचे नाही. कंपूबाजीचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हा असा असतो, आणि करणाऱ्यांना तो जाणवतही नाही. त्यांच्या दृष्टीने ती एक झकास संध्याकाळ असते.

माणसे पडद्याआड बेफाम का होतात, यावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ साली केलेली मांडणी आजही वापरली जाते. नाव लपलेले असणे, आपण दिसत नसणे, बोलणे आणि उत्तर यांत वेळ जाणे, समोरच्याचा आवाज आपणच मनात कल्पून घेणे, हे सगळे खेळासारखे वाटणे आणि वडीलधाऱ्याचा धाक नसणे अशी सहा कारणे त्यांनी सांगितली. याच सैलपणामुळे माणसे मन मोकळे करतात, अनोळख्याला मदतही करतात, ही दुसरी बाजूही त्यांनी नोंदवली आहे. पुढे हैफा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली ही कारणे सुटी करून पाहिली, तेव्हा निनावीपणापेक्षा नजरानजर नसणे अधिक परिणाम करते असे दिसले. समोरच्याचा चेहरा पडलेला दिसत नाही म्हणून जीभ सुटते, हे घरातल्या भांडणांवरूनही पटण्यासारखे आहे.

‘खऱ्या नावाची सक्ती करा’ ही मागणी म्हणूनच फारशी टिकत नाही. दक्षिण कोरियाने २००७ साली मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पटवण्याची सक्ती केली. तिथल्या संविधान न्यायालयाने २०१२ साली ती रद्द केली. मराठी माणसाला तर टोपणनाव परके नाही. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात शतपत्रे लिहिली ती ‘लोकहितवादी’ या नावाने. केशवसुत, गोविंदाग्रज, बी, कुसुमाग्रज, ग्रेस ही सगळी घेतलेलीच नावे. टोपणनाव वर्षानुवर्षे एकच राहिले की त्यालाही अब्रू येते, आणि ती जपावीशी वाटते. घात करतो तो डुआयडी, कारण त्याला जपण्यासारखे काहीच नसते.

उद्धट माणसे वेगळ्या जातकुळीची असतात, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींना आधी अवघड चाचणी देऊन वैतागवले आणि मग वाचायला दिलेल्या लेखाखाली आधीच कुत्सित प्रतिसाद ठेवले. मनःस्थिती बरी आणि आधीचे प्रतिसाद सभ्य असताना सुमारे ३५ टक्के माणसांनी खोडसाळ लिहिले. दोन्ही बिघडलेले असताना हे प्रमाण ६८ टक्क्यांच्या आसपास गेले. माणसे तशीच, फक्त मनःस्थिती आणि वरचे प्रतिसाद बदललेले. शेंगोळ्यांच्या धाग्यावर पहिला प्रतिसाद “उकळीत सोडताना शेंगोळे तुटत नाहीत का? माझे नेहमी तुटतात” असा आला असता, तर वेलांटीची दुरुस्ती पाचव्या क्रमांकावर येऊनही कोणाला लागली नसती.

कंपूच्या सत्तेचे मूळ मात्र स्वभावात शोधून सापडत नाही, ते रचनेत असते. अमेरिकन स्त्रीवादी कार्यकर्त्या जो फ्रीमन यांनी जालाच्या कितीतरी आधी, १९७० च्या सुमारास, आपल्याच चळवळीतले गट पाहून हे मांडले होते. आमच्यात कोणी नेता नाही, नियम नाहीत, असे म्हणणाऱ्या गटातही सत्ता असतेच. ती मैत्रीच्या जाळ्यातून चालते, आणि नियम लिहिलेले नसल्याने ते फक्त आतल्यांना ठाऊक असतात. मराठी चर्चास्थळांना हे जसेच्या तसे लागू पडते. फोटोशिवाय पाककृती चालत नाही, कवितेखाली सुचवणी करायची नसते, अमुक ज्येष्ठ सदस्याशी वाद घालायचा तर पुरावा घेऊन यायचे, हे कुठेच लिहिलेले नसते. नवख्याला ते कळते ते चुकल्यावर, चारचौघांत.

म्हणून सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय म्हणजे अलिखित ते लिहून काढणे, आणि तेही ‘आमच्याविषयी’च्या पानात पुरून न ठेवता धाग्याच्या माथ्यावर लावणे. याला आधार आहे. रेडिट या स्थळाच्या विज्ञानविषयक विभागात जे. नेथन मेटायस यांनी केलेला प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. चर्चेच्या वरच नियम लावलेले असताना नवख्यांच्या नियम पाळण्याच्या प्रमाणात ८ टक्केबिंदूंहून अधिक भर पडली, आणि नव्याने लिहिणाऱ्यांची संख्या सरासरी ७० टक्क्यांनी वाढली. यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची. नियमांनी माणसे बिचकली नाहीत, उलट पुढे आली. आत काय चालते हे कळले की दार ठोठावणे सोपे जाते.

दुसरा उपाय प्रतिसादांना श्रेणी देण्याचा. स्लॅशडॉट या १९९७ साली सुरू झालेल्या स्थळाने तो रूढ केला. ऐसी अक्षरेवर वाचकांना प्रतिसाद ‘मार्मिक’, ‘माहितीपूर्ण’, ‘रोचक’, ‘निरर्थक’, ‘भडकाऊ’ असा ठरवता येतो. यामुळे चांगला प्रतिसाद गर्दीत हरवत नाही. पण श्रेणी देणारेच कंपूतले असले तर हत्यार त्यांच्याच हाती जाते, त्यामुळे श्रेणी हा संपादनाला पर्याय होत नाही.

संपादकांनी आयडी उडवणे हा शेवटचा मार्ग, आणि तो बहुतेकदा उशिरा वापरला जातो. उडवलेला माणूस आठवड्यात नव्या नावाने परत येतो, शिवाय त्याच्याभोवती अन्यायग्रस्ताचे वलय तयार होते. धागा न सांगता उडवणे त्याहून वाईट, कारण मग तर्ककुतर्कांचा दुसरा धागा निघतो आणि तो पहिल्याच्या दुप्पट लांबतो. अवांतर उचलून वेगळ्या धाग्यावर नेणे, मूळ जागी “पाककृतीविषयी इथे, बाकी तिकडे” अशी एक ओळ ठेवणे आणि ती स्वतःच्या संपादक नावाने ठेवणे, यात काम अधिक आहे. बहुतेक मराठी संकेतस्थळांचे संपादक ते नोकरी-संसार सांभाळून, बिनपगारी करतात. त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप करण्यापूर्वी हे लक्षात घेतले जावे, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

जे संपादकाला जमत नाही ते कंपूतल्याच एका माणसाला जमते. टवाळी रंगात आली असताना तिथल्या एखाद्या जुन्या सदस्याने आपल्या मित्राला व्यनि करावा : “अरे, ती बाई नवीन आहे. तुझं चालू दे, पण तिच्या शेंगोळ्यांबद्दल एक ओळ लिही आधी.” हा निरोप बाहेरच्याने पाठवला तर भांडण होते, मित्राने पाठवला तर मित्र ऐकतो. कोणत्याही नियमावलीत न बसणारी ही गोष्ट ज्या स्थळांवर होते, तिथे कंपू असूनही कंपूबाजी होत नाही.

ज्याच्या वाट्याला हे येते त्याने काय करावे, यावर जुन्याजाणत्यांचा सल्ला साधारण एकच असतो : उत्तर त्याच रात्री लिहू नये. सकाळी फक्त मुद्द्याला उत्तर द्यावे, टोमण्याला देऊ नये, आणि तीसांत जो एक प्रतिसाद विषयाला धरून आहे त्याच्याशीच बोलत राहावे. हळूहळू धागा तिकडे वळतो. ‘तुम्ही सगळे कंपू करून माझ्यावर आलात’ हे वाक्य मात्र शक्यतो टाळावे. चार माणसांना एकाच लेखात एकच चूक दिसली, तर ती कंपूबाजी नसून चूकही असू शकते. मतभेद दिसला की कंपूबाजीचा शिक्का मारण्याची सवय ज्या सदस्याला लागते, त्याला खरोखर गरज पडते तेव्हा कोणी धावून येत नाही. सततचा पाठलाग, धमकी, कुटुंबीयांची माहिती उघड करणे हे घडत असेल, तर गोष्ट शिष्टाचाराची राहत नाही. अशा वेळी पडद्याची छायाचित्रे तारखेसह जपून ठेवावीत आणि संपादकांबरोबरच सायबर पोलिसांकडेही जावे.

कायद्याची वाट जपून वापरावी लागते, याचा धडा महाराष्ट्राने घेतला आहे. २०१२ साली पालघरमध्ये दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका मजकुरावरून अटक झाली. त्यातून देशभर वाद पेटला, आणि केवळ त्रासदायक वाटणाऱ्या मजकुरालाही गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. उद्धटपणा हा आपोआप गुन्हा ठरत नाही. बदनामी आणि पाठलाग यांसाठीची कलमे वेगळी आहेत, आणि ती कायम आहेत.

गेल्या दहा-बारा वर्षांत ही सगळी भांडणे मोठ्या प्रमाणावर व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर गेली : सोसायटीचा, शाळेच्या बॅचचा, भावकीचा. तिथे नावे खरी असतात, माणसे जिन्यात भेटतात, तरी ‘ॲडमिनचा वेगळा ग्रुप आहे’ ही कुजबुज असतेच, आणि राग आलेला माणूस बोलत नाही, ‘लेफ्ट’ होतो. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, संगनमत दिसत नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली दिला. ॲडमिनला माणूस ग्रुपमध्ये घेता येतो किंवा काढता येतो. कोण काय लिहील यावर त्याचा ताबा नसतो, हे त्यामागचे कारण. भावकीच्या ग्रुपमध्ये तर काढण्याचा अधिकारही कागदावरच राहतो. चुलतकाकांना काढायचे कसे? तिथे अजूनही घरातल्या थोरल्याचा एक फोनच कामी येतो.