मैफलीच्या छायाचित्रातील प्रकाशाचे गणित

पुण्यात १९५३ पासून भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मैफलीत रंगमंच डोळ्यांना लख्ख दिसतो, पण दुपारच्या उन्हाच्या मानाने तिथला उजेड शंभर पटींहूनही कमी असतो. अशा कमी उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याने प्रकाशाचा संकेत किती मोठा करायचा हे ठरवणारा आकडा) वाढवल्याने चित्र दाणेदार होते, हा समज अर्धाच खरा आहे. प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. एखाद्या पिक्सेलवर, म्हणजे चित्राच्या एका ठिपक्यावर, सरासरी १०,००० फोटॉन पडत असतील, तर त्यांत सुमारे १०० चा, म्हणजे १ टक्का चढउतार होतो. १०० च पडत असतील, तर तो १० टक्क्यांवर जातो. गायकाच्या शालीच्या सावलीतल्या घड्यांत दिसणारे दाणे बव्हंशी या चढउताराचे असतात. आयएसओमुळे संकेत मोठा होतो, प्रकाश वाढत नाही.

शटर अधिक वेळ उघडे ठेवावे, तर हालचाल पुसट उमटते. सेकंदाला २ मीटर वेगाने फिरणारा तबलजीचा हात १/१२५ सेकंदात १६ मिलिमीटर सरकतो. १/१००० सेकंदात २ मिलिमीटरच, पण तेव्हा प्रकाशही आठपट घटतो. इथे संगीताची जाण कामी येते. वर उचललेला हात खाली वळताना त्याचा वेग क्षणभर शून्य होतो आणि त्या क्षणी संथ शटरही रेखीव चित्र देते. मात्र हात थांबलेला दिसल्यावर बटण दाबेपर्यंत सुमारे ०.२ सेकंद निघून जातात. म्हणून ठेका ऐकून सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कधी येणार हे आधीच ओळखावे लागते. माझ्या मते मात्रा मोजता येणे हे महागड्या लेन्सइतकेच मोलाचे आहे.

आलापाच्या वेळी शटरचा खटका श्रोत्यांना खुपतो, त्यामुळे तिथे आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटरच वापरायला हवे. पण अनेक कॅमेऱ्यांत ते संवेदकाच्या (प्रकाश टिपणाऱ्या पृष्ठभागाच्या) ओळी एकामागून एक वाचते आणि त्याला १/३० सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर काही एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणजे तेवढ्या अवधीत सुमारे तीनदा, आणि चेहऱ्यावर आडवे पट्टे उमटतात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवले, की प्रत्येक ओळीला लुकलुकण्याची पूर्ण आवर्तने मिळून हे पट्टे जातात. आलापात एवढा वेग पुरतो. द्रुत लयीत तो पुरत नाही, पण तोवर तबला इतका चढलेला असतो, की यांत्रिक शटरचा खटका कोणाला ऐकूही येत नाही.