बरणी उकळून घेणे (कुकरशिवाय)

लोणचं, मुरंबा, जॅम भरायच्या आधी काचेची बरणी उकळत्या पाण्यात ठेवून तिच्यातली बुरशी, यीस्ट आणि बहुतेक बॅक्टेरिया मारायची ही घरगुती रीत. इंदूरच्या मराठी घरांत, रामबाग असो की सुदामानगर, कैरीचा सीझन आला की हे काम निघतंच.

मोठ्या पातेल्यात तळाला जुनं सुती फडकं घालायचं, त्यावर साबणाने धुतलेल्या बरण्या, बरण्या बुडून वर इंचभर राहील इतकं गार पाणी, आणि मग गॅस. पाणी गारच हवं, कारण साधी काच एकदम तापली की तडकते. काढतानाही तेच, गरम बरणी थेट ग्रॅनाइटच्या ओट्यावर टेकवली की टक् आवाज होतो आणि बुडाशी गोल चीर जाते, माझ्या दोन अशाच गेल्या, तेव्हापासून मी घडी केलेला टॉवेल अंथरते.

वेळ मोजायची ती खळखळून उकळी आल्यावर. समुद्रसपाटीपासून १००० फुटांपर्यंत १० मिनिटं, पुढच्या प्रत्येक १००० फुटांना १ मिनिट जास्त. बडोद्याला १० पुरतात, पण इंदूर साधारण १८०० फुटांवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून ११ धरायची. रबराची रिंग आणि प्लास्टिकचं झाकण मात्र इतकं उकळू नये, गरम पाण्याने धुवून वाळवलं तरी चालतं.

मुरंबा, जॅम गरम बरणीत गरमच भरतात. लोणच्याला उलट, बरणी गार आणि अगदी कोरडी लागते. फडक्याने आतून पुसायची नाही, उपडी निथळायची आणि मे महिन्याच्या कडक उन्हात ठेवायची. पावसाळ्यात वरचा थर पांढरा पडतो तो बऱ्याचदा या राहिलेल्या ओलीमुळेच.

आता महत्त्वाचं. उकळण्याने बोट्युलिझमच्या, म्हणजे अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेच्या, जंतूंचे बीजाणू (त्यांची टणक, सुप्त रूपं) मरत नाहीत, त्यांना १२१ अंश लागतात आणि ते प्रेशरशिवाय पाण्यात होत नाही. आंबट पदार्थात, म्हणजे पीएच ४.६ च्या खाली, ते वाढत नाहीत, म्हणून लिंबू-कैरीला ही रीत चालते. तेलात बुडवलेला नुसता लसूण, मटार, मक्याचे दाणे बरणी कितीही उकळली तरी बाहेर टिकवायचे नाहीत, फ्रीजरच बरा.

चिनीमातीच्या जुन्या बरणीला निखाऱ्यावरच्या हिंगाची धुरी देतात, त्याने वास छान लागतो, पण ती उकळण्याच्या जागी धरू नये.