डीडीटी, फवारे आणि वाढतं वजन: एका संशयाची पार्श्वभूमी

1953 साली देशात राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि पाच वर्षांत त्याचा निर्मूलन कार्यक्रम झाला. खानदेशचे तेव्हा पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग होते. तापी-गिरणा-पांझराकाठच्या गावांत डीडीटीवाले यायचे, घरातली भांडीकुंडी ओट्यावर काढायला लावायचे, मातीच्या भिंतींवर फवारा मारायचे आणि चौकटीवर तारीख लिहून पुढच्या घराला लागायचे. फवारा वाळला की भिंतीवर पांढुरकी भुकटी दिसायची. सुरुवातीला लोक खूशही होते, कारण डासांबरोबर ढेकूणही मरायचे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटींच्या घरात मलेरियाचे रुग्ण असल्याचा अंदाज होता. 1965 पर्यंत तो आकडा एका लाखाच्या आसपास आला. डीडीटीचं हे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही.

अडचण अशी की डीडीटी सहजासहजी नष्ट होत नाही. ते पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं, त्यामुळे शरीरात गेलं की चरबीत जाऊन बसतं. वजन कमी केलं, चरबी वितळली, की तेच रक्तात पुन्हा वाढलेलं दिसतं. चरबीत साठणारी रसायनं आपण मोजत आलो. पण रसायनं स्वतःच चरबी वाढवू शकतात का, हा प्रश्न विचारायला बराच वेळ गेला.

वास्तविक याचं उत्तर पोल्ट्रीवाल्यांना आणि गुरं पोसणाऱ्यांना आधीपासून अर्धंमुर्धं माहीत होतं. 1938 मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस, हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक तयार केलं. 1940 च्या दशकात अमेरिकेत त्याची गोळी कोंबड्याच्या मानेत कातडीखाली बसवायला सुरुवात झाली. कोंबडे लवकर भरायचे, मांस चरबीदार व्हायचं. पुढे गुरांच्या खुराकातही तेच आलं. माणसांत मात्र हेच औषध गर्भपात टाळण्यासाठी लाखो गरोदर बायकांना दिलं गेलं. गर्भात असताना ज्या मुलींना ते पोचलं, त्यांच्यात तरुणपणी योनीमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग दिसला, आणि 1971 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने गरोदरपणात ते देऊ नका असा इशारा दिला. नंतर अमेरिकी शास्त्रज्ञ रेथा न्यूबोल्ड यांनी नवजात उंदरांना डीईएसचे अगदी किरकोळ डोस देऊन पाहिले. ती पिल्लं लहानपणी धडधाकट दिसली आणि मोठी झाल्यावर फोफशी झाली. डोस जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतला, परिणाम महिन्यांनी. या विषयाचा गाभा मला इथे दिसतो.

प्लॅस्टिकमधलं बिस्फेनॉल-ए म्हणजे बीपीए हेही याच घराण्यातलं. 1936 मध्ये डॉड्स यांनीच त्याचा संप्रेरकासारखा गुण नोंदवला होता. औषध म्हणून ते डीईएसपुढे फिकं पडलं, मग पॉलिकार्बोनेटच्या बाटल्यांत आणि डब्यांच्या आतल्या लेपात गेलं. 2023 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची सुरक्षित मर्यादा एकदम वीस हजार पटींनी खाली आणली.

1991 मध्ये अमेरिकेत विंगस्प्रेड इथे थिओ कोलबॉर्न यांच्या पुढाकाराने शास्त्रज्ञ एकत्र आले आणि संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणारी रसायनं हा विषय मांडला गेला. तेव्हा भर होता प्रजनन आणि कर्करोगावर. वजनाचा मुद्दा 2002 मध्ये पॉला बेली-हॅमिल्टन या ब्रिटिश डॉक्टरने उचलला. त्यांचं म्हणणं असं: विषाची चाचणी करणारे प्राणी बारीक झाले की नोंद घेतात, कारण ते विषबाधेचं लक्षण. कमी डोसवर प्राणी जाड झाले तर तिकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. आकडे मात्र जुन्या तक्त्यांत पडून असतात. त्यांचा लेख गृहीतकाच्या पलीकडे गेला नव्हता, पण बोट बरोबर जागी ठेवलं होतं.

मग कॅलिफोर्नियात ब्रूस ब्लुमबर्ग यांच्या प्रयोगशाळेत ट्रायब्युटिल टिन आलं. जहाजाच्या तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगातलं हे रसायन. समुद्री गोगलगायींच्या माद्यांना त्यामुळे नराचं इंद्रिय फुटत होतं, म्हणून ते बदनाम होतंच. ब्लुमबर्ग आणि फेलिक्स ग्रुन यांनी 2006 मध्ये दाखवलं की गाभण उंदरीला ते दिलं तर पिल्लांच्या अंगावर चरबी जास्त चढते. अशा रसायनांना त्यांनी ‘ओबेसोजेन’, म्हणजे लठ्ठपणा आणणारी रसायनं, असं म्हटलं.

हे घडतं कसं? पेशीच्या आत पीपीएआर-गॅमा नावाचा एक ग्राहक, म्हणजे रसायनाचा संदेश घेणारं प्रथिन (रिसेप्टर), असतो. तो जागा झाला की अजून कुठलंच काम न ठरलेल्या पेशीला तो चरबीपेशी व्हायला लावतो. ट्रायब्युटिल टिन त्यालाच आणि त्याच्या जोडीदार ग्राहकाला चिकटतं. मधुमेहासाठी पायोग्लिटाझोनची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडून ऐकलेलं असतं की या गोळीने वजन थोडं वाढेल. ती गोळी याच ग्राहकावर काम करते. म्हणजे बाहेरून आलेलं रसायन माणसाचं वजन वाढवू शकतं, यात वादाला जागा नाही. वाद आहे तो पाण्यातून, अन्नातून, धुळीतून नकळत येणाऱ्या मात्रेचा.

आता खानदेशकडे येऊ. इथला कापूस आणि रावेर-यावलची केळी यांच्याबरोबर फवारणीचा इतिहास चालत आला आहे. बोंडअळीला तोंड देणारं कापसाचं बीटी वाण 2002 मध्ये आलं, त्याआधी देशातल्या एकूण कीटकनाशकांपैकी जवळपास निम्मी एकट्या कापसावर पडायची. शेतातलं डीडीटी 1989 मध्ये बंद झालं, लोक ज्याला नुसतं बीएचसी म्हणायचे ती भुकटी 1997 मध्ये, एंडोसल्फान 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. बीटीनंतर बोंडअळीचे फवारे काही वर्षं घटले, पण तुडतुडे, मावा, पांढरी माशी यांच्यासाठी नवी औषधं आली आणि पुढे गुलाबी बोंडअळीही परत आली. पाठीवरचा पंप काही उतरला नाही. पंप गळका असला की पाठ ओली होते, आणि तोच सदरा अंगात ठेवून माणूस न्याहारीला बांधावर बसतो. फवारणारा बहुधा पुरुष, पण त्याचे कपडे धुणारी, फवारलेल्या शेतात निंदणी आणि वेचणी करणारी बाई. गर्भाच्या दृष्टीने पाहायचं तर मोजमाप तिचं व्हायला हवं.

तिच्याबाबतीत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड परिसरातला अभ्यास महत्त्वाचा आहे. 1959 ते 1967 या काळात तिथे पंधरा हजारांहून जास्त गरोदर स्त्रियांची नोंद झाली, त्यांचं रक्त गोठवून ठेवलं गेलं. पुढे बार्बरा कोहन आणि सहकाऱ्यांनी त्या रक्तातलं डीडीटी मोजलं आणि 2021 मध्ये नातींचा निष्कर्ष जाहीर केला: ज्या आज्यांचं स्वतःचं वजन जास्त नव्हतं पण रक्तात डीडीटी जास्त होतं, त्यांच्या नातींमध्ये लठ्ठपणाची शक्यता दोन ते तीन पट. आजीच्या पोटात आई, आणि आईच्या अंडाशयात नातीचं बीज, असा तीन पिढ्यांना एकाच वेळी स्पर्श. एकाच अभ्यासावरून निकाल देऊ नये. तरीही भिंतींना डीडीटी लावलेल्या घरात बाळंत झालेल्या आज्यांच्या नाती आज जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत आहेत, हा हिशेब मांडायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही.

आपल्याकडे धागा आणखी गुंततो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची. पण वजनाने हलक्या बाळांनी चरबी तेवढीशी गमावलेली नव्हती, घटले होते ते स्नायू आणि अवयव. हे कुपोषणाचं कोडं आहे, रसायनांचं नव्हे. मात्र धडगाव-अक्कलकुव्यात कमी वजनाची बाळं आणि जळगावात ढेऱ्या, अशी एकाच खानदेशाची दोन टोकं वाचताना नुसतं काट्यावरचं वजन फसवतं, एवढं यातून घ्यावं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 24 टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा लठ्ठ निघाल्या. आधीच्या पाहणीत त्या 20.6 टक्के होत्या.

माझं मत विचाराल तर यातला मोठा वाटा खाण्याचा आणि बसून राहण्याचाच आहे. जेवणातलं वाढलेलं तेल, मोटारसायकल, किराणा दुकानात दहा रुपयांना लटकणारी पाकिटं, यांना बाजूला सारून सगळं फवाऱ्यावर ढकलणं म्हणजे सोयीचा बहाणा. माणसांवरचे अभ्यास अडखळतात तेही खरं. बीपीए काही तासांत लघवीवाटे निघून जातं, त्यामुळे एका नमुन्यावरून वर्षाचा अंदाज बांधता येत नाही. शिवाय जो जास्त पाकीटबंद खातो त्याच्याच अंगात बीपीएही जास्त येतं आणि कॅलरीही, मग वजनाला जबाबदार कोण? त्यामानाने गरोदरपणात आईने सिगारेट ओढली तर मूल पुढे जाड होण्याचा धोका वाढतो, हा पुरावा कितीतरी भक्कम आहे.

पण संशय झटकून टाकण्यासारखाही नाही. मदुराईच्या संशोधकांनी 2017 मध्ये तमिळनाडूच्या खेड्यांत पाहिलं, तर ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांशी रोज संबंध येणाऱ्यांत मधुमेह इतरांच्या जवळपास तिप्पट होता. उंदरांत त्यांनी कारणही शोधलं: आतड्यातले जिवाणू ही औषधं फोडतात, त्यातून निघालेल्या ॲसिटेटपासून यकृत साखर बनवतं. 2021 मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात दिसलं की याच गटातलं क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक उंदरांच्या तपकिरी चरबीचं काम मंदावतं. ही चरबी कॅलरी जाळून उष्णता देते. ती थंडावली की तेवढ्याच खाण्यावर वजन चढतं.

क्लोरपायरिफॉस खानदेशात कोणाला अनोळखी नाही. कापसावर ते मारतात, आणि घर बांधताना पाया भरण्याआधी वाळवीसाठी तेच ओततात. मे 2025 मध्ये सहजासहजी नष्ट न होणाऱ्या रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बैठकीत ते जगभरातून काढून टाकायच्या रसायनांच्या यादीत गेलं, काही वापरांना मुदतीची सूट ठेवून. डीडीटीच्या वेळी ओकलंडमध्ये कोणीतरी रक्त जपून ठेवलं होतं, म्हणून साठ वर्षांनी नातींना उत्तर मिळालं. या औषधाबाबत तसं उत्तर इथे हवं असेल, तर ते बाजारातून जायच्या आत बाळंतपणाच्या वेळीच रक्ताचे नमुने घेऊन ठेवावे लागतील.