एकाच टकरीचे चार कृष्णधवल फोटो

सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाला मरीची हा तारा आहे. त्याच्या जवळच, पण शामशबल तारकासमूहाच्या हद्दीत, एम ५१ ही दीर्घिका आहे. शार्ल मेसिएने ती १७७३ मध्ये नोंदवली. लॉर्ड रॉसने १८४५ मध्ये आयर्लंडमधल्या आपल्या ७२ इंची दुर्बिणीतून पाहून तिचा भोवरा कागदावर उतरवला. एका बाहूच्या टोकाला चिकटल्यासारखी दिसणारी छोटी दीर्घिका म्हणजे एनजीसी ५१९५. प्रत्यक्षात ती थोडी मागे आहे आणि तिच्या गुरुत्वाकर्षणाने एम ५१ चे बाहू इतके ठसठशीत झाले असावेत. आलार आणि यूरी टूमरे या भावांनी १९७२ मध्ये संगणकावर ही जोडी फिरवून पाहिली, तेव्हापासून ही कल्पना रुजली.

हबल अवकाश दुर्बिणीने २००५ मध्ये या जोडीचे जे गाजलेले चित्र दिले, ते चार फिल्टरमधून घेतलेल्या प्रतिमांचे आहे. कॅमेऱ्याला रंग कळत नाही, तो फक्त प्रकाश मोजतो. रंग नंतर चढवतात. मग ‘हे रंग खरे का?’ असा प्रश्न हमखास येतो. मला तो दुय्यम वाटतो. चारही कृष्णधवल प्रतिमा शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक पाहण्यात खरी गंमत आहे.

४३५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या फिल्टरमध्ये एम ५१ चे बाहू उजळतात. निळा प्रकाश मुख्यतः तापलेल्या, वजनदार ताऱ्यांचा असतो आणि असे तारे फार जगत नाहीत, म्हणजे तिथे ताऱ्यांचा जन्म अलीकडेच झालेला आहे. ८१४ नॅनोमीटरच्या, डोळ्यांना जवळपास न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात बाहू सौम्य होतात आणि छोटी साथीदार मात्र झळकते. ती जुन्या ताऱ्यांची आहे, असा निष्कर्ष लगेच काढावासा वाटतो. तो बराचसा बरोबरही आहे, पण मध्ये धूळ आहे. एम ५१ च्या बाहूतले धुळीचे पट्टे साथीदाराच्या समोरून जातात आणि धूळ निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त अडवते. त्यामुळे तरुण ताराही धुळीआडून लालसर दिसू शकतो. वय आणि धूळ यांची ही सरमिसळ दोन फिल्टरांनी सुटत नाही. त्यासाठी एका टोकाला अतिनील आणि दुसऱ्या टोकाला दूरचा अवरक्त प्रकाशही लागतो.

चारांपैकी एक फिल्टर अरुंद आहे, ६५८ नॅनोमीटरचा. नवजात ताऱ्यांच्या अतिनील माऱ्याने आयनित झालेला, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला, हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडतो, त्याला एच-अल्फा म्हणतात. एम ५१ आपल्यापासून सेकंदाला सुमारे ४६० किलोमीटर वेगाने दूर जात असल्याने तिची ही रेषा, म्हणजे ठरावीक तरंगलांबीचा हा प्रकाश, साधारण एक नॅनोमीटरने पुढे सरकते. जेमतेम तीन नॅनोमीटर रुंदीचा फिल्टर घेणाऱ्या हौशी छायाचित्रकारांनी हे ध्यानात ठेवलेले बरे, कारण रेषा फिल्टरच्या काठावर जाते आणि रात्रभर जागूनही प्रकाश कमीच मिळतो.

या फिल्टरमधून साध्या ताऱ्यांचा प्रकाशही येतोच. म्हणून रुंद फिल्टरची प्रतिमा योग्य प्रमाणात कमी उजळ करून ती यातून वजा करतात. उरतात त्या बाहूंवर ओवलेल्या चमकत्या गाठी, गेल्या एखाद-कोटी वर्षांतल्या तारकाजन्माच्या जागा. साथीदारात अशा गाठी जवळजवळ नाहीत. धक्का दोघींना बसला, पण नवे तारे घडवायला लागणारा थंड वायू मोठीकडेच भरपूर आहे.

या भेटीची एक खूण मात्र चारही फिल्टरांना हुलकावणी देते. एम ५१ मधून बाहेर ओढल्या गेलेल्या वायूचे एक लांबच लांब शेपूट आहे. ते थंड, उदासीन हायड्रोजनचे असल्याने दृश्य प्रकाश देत नाही. अमेरिकेतल्या व्हीएलए रेडिओ दुर्बिणीने २१ सेंटिमीटरच्या लहरींवर ऐकले, तेव्हाच त्याची पूर्ण लांबी समोर आली.