रोजची गोळी की एकदा बसवलेली तांबी?

“ही गर्भनिरोधक गोळी 99 टक्के खात्रीची,” असं सांगितलं जातं. आकडा खरा आहे, पण तो एकही दिवस न चुकता गोळी घेणाऱ्या बाईचा. रोजच्या धबडग्यात गोळ्या घेणाऱ्या 100 जणींपैकी साधारण 7 जणींना वर्षभरात दिवस जातात. कंडोम दर वेळी नीट वापरला तर हे प्रमाण 2, एरवी 13. तांबीत, म्हणजे कॉपर-टीमध्ये, ही तफावत जवळजवळ नाहीच. तिथे 100 जणींत एकीलाही क्वचितच दिवस जातात. एकदा बसवली की लक्षात ठेवायचं काही उरत नाही.

माझ्या मते साधन निवडताना पहिला प्रश्न हाच असावा : ते किती आठवणीवर चालतं? नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याची कितीतरी कुटुंबं छाटणीपासून काढणीपर्यंत दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येतात. मुक्काम बदलतो, गावची आशाताई लांब राहते. तिथे माला-एनचं, म्हणजे रोज घ्यायच्या सरकारी गोळ्यांचं, पाकीट संपलं, तर दुसरं आणायला मजुरी बुडवून कोण जाणार? अशा बाईच्या हातात नुसतं पाकीट ठेवणं मला पुरेसं वाटत नाही.

तांबीबद्दल भीती फार. ती पोटात वर चढते, छातीपर्यंत जाते, असं आजही ऐकू येतं. खरं तर गर्भाशयाची पिशवी वरून बंद असते. तांब्याचे सुटणारे कण शुक्रजंतूंना निकामी करतात, त्यामुळे बीज फळतच नाही. सरकारी दवाखान्यात 5 आणि 10 वर्षांच्या तांब्या मोफत बसवतात. बाळंतपणानंतर 48 तासांच्या आतही बसवता येते आणि काढली की लगेच दिवस राहू शकतात. सुरुवातीचे काही महिने पाळीत जास्त जातं, पोट दुखतं. अंगात रक्त कमी असेल तर हे आधीच बोलून घ्यावं.

अंतरा हे इंजेक्शन दर 3 महिन्यांनी. त्यात पाळी अनियमित होते, पुढे कधी थांबतेही. त्याने घाण रक्त साठत नाही. मात्र बंद केल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात, तेव्हा लवकरच मूल हवं असेल तर ते नको. छाया ही हार्मोन नसलेली गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. पहिले 3 महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा घ्यायची. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. माला-एन मात्र बाळ 6 महिन्यांचं होईपर्यंत पाजणाऱ्या आईने घेऊ नये. रक्तदाब असलेल्या किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या बाईनेही ती टाळावी.

संबंधानंतरची तातडीची गोळी 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. ती बीज बाहेर पडणं लांबवते. राहिलेला गर्भ पाडत नाही.

आणि पुरुष? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं आढळलं. पुरुष नसबंदी एक टक्काही नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, कारण बिनटाक्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आहे. पोट उघडावं लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी जातो, ताकद किंवा कामेच्छा घटत नाही. फक्त पहिले 3 महिने कंडोम वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं, कारण आधीचे शुक्रजंतू तोवर नळीत उरलेले असतात.